शून्य महिन्यांचं भाडं

सतरा नंबरचा फॉर्म भरून आई दहावीला बसली
तेव्हा तिच्याकडे भाड्यानं द्यायचे एकोणीस कूलर होते
आणि नववीचं प्रगतिपुस्तक, गणितात एकवीस,
शाळा सुटली त्या वर्षाचं,
रेशनकार्डाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं.

जानेवारीत पाचपावलीच्या आमच्या गल्लीत
जुन्या ताट्या उसवत बसतात सगळे.
खसाचा चुरा आलेख कागदावर यायचा,
ती फुंकर मारायची आणि पुस्तकावर चिडायची :
"दोन ठिपके तं यानंच दिले.
मंग रेघ कोनती, हे मले काऊन विचारून राहिला?"

आधी चढ काढ, मी म्हटलं.
वायमधून वाय वजा, एक्समधून एक्स.
"चढ म्हंजे?"
एक पाऊल पुढे गेलं की किती वर गेलो, ते.
"मेंढे वकिलाचा जिना," ती म्हणाली.
तिसरा मजला, लोखंडी कूलर,
खाली गुणवंत ठेलेवाला, वर ती,
आणि वळणावर कठडा असा की
दरवर्षी एक नख जातं.

मग मी पुस्तक मिटलं, तिचं बिलबुक उघडलं.
मानेवाड्याची खोलीवरची पोरं : दोन महिने, सतराशे.
मेंढे वकील : चार महिने, एकोणतीसशे.
"दोन महिने जास्त, बाराशे जास्त.
महिन्याचे सहाशे. हे तं मले ठाऊकच हाय."
आता पोरांच्या सतराशेतून दोन महिन्यांचे काढ.
"पाचशे उरले.
ठेला, नवी ताटी, पंपाची नळी."
तिनं पेन्सिल कानावर ठेवली.
"म्हंजे वाय बरोबर सहाशे एक्स अधिक पाचशे.
हे मी दर उन्हाळ्यात बिलावर लिहीतच होती का वो बाप्पा?"

पट्टी सापडेना.
तिनं बाबांच्या पेटीतलं सूत आणलं,
त्यावर जुना गेरू अजून होता.
एक टोक माझ्या अंगठ्याखाली, एक तिच्या,
मधे चिमटीत उचलून सोडलं :
फट्.
लाल रेघ दोन्ही ठिपक्यांतून गेली
आणि कागद संपल्यावर फरशीवरही गेली थोडी.
सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे.
आम्ही उलट्या बाजूनं आलो,
उभ्या अक्षाला जिथं टेकलो तिथं पाचशे होते.

पुढचा प्रश्न :
आरंभबिंदू या रेषेवर आहे का, पडताळा.
डावीकडे शून्य. उजवीकडे पाचशे.
एका ओळीचं उत्तर, पण ती लिहीना.

मागच्या मे महिन्यात नंदनवनला
कुंदा सावसाकडेच्या वडिलांसाठी कूलर नेला होता.
खिडकीत बसवला, टाकीत सहा बादल्या ओतल्या,
सातवी भरेपर्यंत घरात रडं सुरू झालं.
आईनं पाणी पुन्हा बादल्यांत काढलं,
ते लागणारच होतं त्यांना.
त्याच दुपारी, त्याच ठेल्यावर कूलर परत,
आणि कुंदाच्या हातात तिचे पाचशे परत.
गुणवंतला तिनं घरून दिले.
शून्य महिने. शून्य रुपये.

"नाही," तिनं शेवटी लिहिलं,
"आरंभबिंदू या रेषेवर नाही."
मग दोन्ही अक्ष मिळतात त्या कोपऱ्यात
पेन्सिलीनं एक ठिपका दिला, दाबून.
मी खोडरबर उचललं तर म्हणाली,
"राहू दे. रेघेवर नाही म्हून काय झालं?"

मार्चमधे बीजगणिताचा पेपर झाला.
कसा गेला ते सांगायच्या आधीच,
चपलेचा पट्टा काढता काढता, फोन वाजला.
मानेवाड्याची नवी पोरं.
तीन महिन्यांचे किती, काकू?
"तेवीसशे."
मग जरा थांबून,
"खस लावू का वुडवूल?"