सैल

बाहेर जनरेटर फटफटतो आहे.
नमद्याच्या भिंती, मेंढीच्या चरबीचा वास,
आणि डाव्या कुशीवर वळलेली बुरुलकान आपा,
उजवा हात कुठे ठेवावा हे न कळून
हवेतच धरलेली मूठ.

जेल गार लागेल, मी सांगते.
"गारच असणार," ती म्हणते,
"सुसामीरला बर्फ उतरून आठवडा नाही झाला."

बरगड्यांच्या फटीतून डोकावते मी.
करडा, दाणेदार अंधार,
त्यात चार खोल्यांचं बिऱ्हाड,
शहात्तर वर्षं भाडं न थकवलेलं.
पडद्यावर सगळं उलटं दिसतं:
जवनिका वर, कर्णिका खाली.
लाल म्हणजे माझ्याकडे येणारं रक्त,
निळं म्हणजे दूर जाणारं. एवढंच.
यात शुद्ध-अशुद्ध काही नाही, आपा.

आधी कर्णिका भरते, दार लागलेलं असताना.
मग दार उघडतं
आणि रक्त आपसूक येतं, उतारावरून मेंढरं यावीत तसं,
पुढची धावत, मागची रेंगाळत,
मग क्षणभर कुणीच नाही,
आणि शेवटी कर्णिका एकदा आवळून
मागे राहिलेली कोकरं आत हाकते.
लब्.
आता चहूकडून बंद.
डोळ्याची पापणी लवायच्या आतला काळ,
नुसता दाब चढत जातो,
मग महाधमनीचं दार, आणि पीळ,
ओला नमदा पिळावा तसा.
बाहेर किती पडतं? पाहुण्याचा मान राखून
ओतलेल्या चहाइतकं, पियाल्याच्या तळाशी.
डब्.
सगळं जात नाही. थोडं घरात उरतंच.

ताकद चांगली आहे, मी म्हणते.
"असणारच. आठ घोड्या रोज, सहा सहा वेळा,
चाळीस उन्हाळे." मूठ दाखवते.

मी पुन्हा मोजते. रेषा ओढते. पुन्हा ओढते.

आपा, पिळायला कमी नाही ते.
सैल होत नाही.
दार उघडतं, पण भिंत सरकून जागा देत नाही,
आत यायचं ते मागे तुंबतं, फुप्फुसात,
म्हणून मध्यरात्री उठून
रजयांच्या चळतीला टेकून बसतेस.

ती बराच वेळ काही बोलत नाही.
पडद्यावर लाल येतं, थबकतं,
निळं जातं.

"घोडीचं दूध ओढून येत नाही," ती म्हणते शेवटी.
"आधी शिंगरू लावायचं. ते दोन घोट पितं,
तिला पान्हा फुटतो, अंग सोडते ती,
तेव्हा कुठे आपण गुडघा टेकायचा.
घाबरलेल्या घोडीखाली
हाताला कितीही जोर असो,
बादलीत वाराच."

मला म्हणायचं होतं ते हेच,
पण बिश्केकच्या कॉलेजात
ते दोन तास आलेखांवर शिकवलं होतं.

आणखी एक सांगते तिला.
पिळताना हृदय आपल्याच वाहिन्या चिमटतं,
स्वतःच्या वाट्याचं रक्त
ते घेतं बहुतेक सैल असतानाच.
दोन ठोक्यांच्या मधे. तेवढ्यात जेवतं.

"उभ्याउभ्या," ती म्हणते.

हो.

"मग सैल व्हायची गोळी दे."
दाबाची आहे. पाणी उतरवायची आहे.
मीठ कमी करायला सांगेन, तू ऐकणार नाहीस.
नुसती सैल व्हायची अशी गोळी, आपा, माझ्या पेटीत नाही.

ती हसते, आणि हसताना
पडद्यावरचं चित्र विस्कटतं.

जेल पुसायला कापूस पुढे करते मी,
ती मेंढीच्या कातड्याचं टोक वापरते.
जनरेटर बंद होतो.
शांततेत ऐकू येतं, सून दोरीवरून शिंगरू सोडते आहे,
ओठांनी च्च च्च करत,
घोडी एकदा पाय आपटते,
मग काहीच नाही,
मग अजून काहीच नाही.
आपाने श्वास धरला आहे, मीही,

आणि रिकाम्या बादलीत पहिली धार वाजते.
"कान्यकेचा हात," ती पुटपुटते. "घाई करते जरा."