बर्फाची मुदत

करारात तारीख आहे पंधरा एप्रिल.
त्यावर नदीची सही नाही.

न्युर्गुन गोदामात उभा:
पलीकडच्या गावाच्या बॉयलरचे सहा पंप,
पाच पेटीबंद,
सहाव्याला एक वायसर कमी.
कारखाना फोनवर म्हणतो, सोमवारी नक्की.

लेना नदीच्या पाठीवरची ट्रकची वाट
दुपारी ओली दिसते आताशा.
सार्दाना काठी आपटून ऐकते;
आवाज बदलला की हिशेब बदलतो.

"सोमवार तुमच्याकडे असतो," ती म्हणते,
"माझ्याकडे फक्त आजची रात्र. उणे नऊ."

पाच चढवले.
सहाव्याच्या जागी
दोर जरा जास्तच आवळला.

पहाटे पलीकडून दिवा दोनदा लुकलुकला.

सोमवारी वायसर आला. नक्की.
खिडकीत ठेवलाय:
मधल्या भोकातून
पाणी वाहताना दिसतं.