प्रश्न क्रमांक सतरा

पवईच्या हॉटेलात तीन दिवस आम्ही
एकच चाचणी एकवीस भाषांत नेत होतो.
माझ्या वाट्याला मराठी, सहावीचा संच,
आणि चहाबरोबर मोजून दोन बिस्किटं.

एस्टोनियाच्या कायसाने विचारलं,
तुमची मुलं आकड्यांच्या नावांत अडखळतात का?
म्हटलं, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी.
आमचा नऊ पुढच्या दशकाच्या दारात
चपला काढून उभा असतो, आत कोणी बोलवत नाही.
तिने ते वहीत लिहून घेतलं.

कोरियाचे ह्यॉन फारसे बोललेच नाहीत.
जेवताना एवढंच, की मुलगी
रात्री अकराला क्लासवरून येते
आणि तिला गणित आवडत नाही.
मग ताटातला भात त्यांनी चमच्याने
चार सारख्या भागांत केला.
तक्त्यात देश वर चढला की घरातली झोप उतरते,
असं काहीसं समीकरण मी कागदी रुमालावर मांडलं.
खोडलं. एका घरावरून देश कसा काढायचा?

प्रश्न सतरा असा होता:
छतावर चाळीस सेंटिमीटर बर्फ आहे.
दर तासाला तीन सेंटिमीटर बर्फ पडतो.
पाच तासांनी किती असेल?

आधी 'हिम' लिहिलं. कापलं. हिम कोण म्हणतं?
कायसाकडे आभाळातून येणाऱ्याला एक शब्द,
गोठून बसणाऱ्याला दुसरा.
माझ्याकडे दोघांत मिळून एकच,
आणि तो लादीवर विकत मिळतो.

डिसेंबरात संच पोचला
चिता कॅम्पच्या पालिका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर.
पर्यवेक्षक मीच.
तिसऱ्या बाकावर ट्रॉम्बे कोळीवाड्याची प्रणोती तांडेल,
पेन्सिलीला दाताने टोक काढत.

तिचं उत्तर: पंचवीस.
'कसे काढले ते लिही' च्या चौकटीत, आणि चौकटीबाहेरही:
*छतावर ऊन लागतं. बर्फ सुटून खाली पडतो.
तीन पाचे पंधरा गेले.
आई पहाटे दीड लादी आणते,
दुपारी अर्धी पण राहत नाही. म्हणून भुसा घालतात.
ह्या लोकांनी भुसा घातला नाही.*

उत्तरसूचीत पंचावन्न. त्याला कोड एक.
इतर काहीही, कोड शून्य.
कोरी चौकट, कोड नऊ.
शून्य आणि नऊच्या मधे
भुशासाठी जागा नव्हती.

मी शून्य भरलं.
आणि भरताना दिसलं, तो 'पडतो' माझा होता.
वरून पडतो की वरचा पडतो,
हे मी लिहिलंच नव्हतं.

कायसाला कळवलं. आठ दिवसांनी तिची ओळ आली:
मार्चमध्ये आमच्याकडे अगदी असाच पडतो, छपरावरून.
फुटपाथवर पाट्या लावतो आम्ही, खाली उभे राहू नका.

तोवर पेट्या सीलबंद होऊन गेल्या होत्या.
आता कुठल्याशा आलेखात
एका उंच खांबाशेजारी एक बुटका खांब,
त्याच्या तळाशी कुठेतरी तिचा केसभर शून्य.

गेटपाशी तिने गाठलंच.
बाई, सतरावा बरोबर होता?
सांगायला माझ्याकडे दोन देश होते,
एक नियम, एक चुकलेलं क्रियापद.
म्हटलं, तुझी वजाबाकी बरोबर आहे.
ती म्हणाली, मग मार्क?
आणि मागून बस आली, तिची नव्हे, माझी.