डावीकडे

रॉकेल पाजून तीन दिवस झाले.
फ्रीव्हील ढिम्म.

चरईतल्या गल्लीत पास्कल परेरा
दोन दातांचा पाना शिकंज्यात आवळतो,
त्यावर चाक आडवं बसवतो,
म्हणतो, रिम धर. बसच्या स्टिअरिंगसारखी.
डावीकडे.

चाक वाकेल असं वाटतं.
मी वाकते.

"चालवायचं कोण?"
मावशी. सिव्हिलमध्ये नर्स होती.
कोलशेतहून रोज, माजिवड्याचा चढ,
रात्रपाळीला डबा हँडलला.

"मग बरोबर," पास्कल म्हणतो,
"हे कुणी मुद्दाम आवळत नाही.
पेडल मारलं की आवळतं.
चढाला जरा जास्तच."

म्हणजे एकोणीस वर्षांच्या दोन पायांविरुद्ध
मी, दोन हातांनी.

मावशी बाहेर स्टुलावर,
गुडघ्याला पट्टा, हातात उसाचा रस.
"जोर कमी पडतोय."
मला म्हणते की चाकाला, कळत नाही.

परत.
आता पास्कल एका बाजूने, मी एका.

कट्.

आधी वाटलं, मनगट गेलं.
मग नुसत्या बोटांनी फिरायला लागलं,
लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखं.

आत, हबच्या आट्यांवर, एवढंसं ग्रीस,
अजून पिवळं.

मावशी उठून आली.
बोट लावलं, वास घेतला,
साडीला पुसलं.