ठराव क्रमांक सतरा

सभा शाळेच्या ग्रंथालयात. खुर्च्या तिसरीच्या पोरांच्या,
म्हणून पाचही सभासदांचे गुडघे टेबलाच्या वर.
बाहेर सरोवरावरून आलेला बर्फ
खिडकीच्या निम्म्यापर्यंत.
इतिवृत्त मी लिहिते. बावीस वर्षं लिहिते आहे.
इतिवृत्तात गुडघे येत नाहीत.

नमनाला घडाभर तेल गेलं:
मागल्या सभेचं वाचन, जेवणघरातला गळका नळ,
हॉकीच्या संघाचे हातमोजे.
मग लॉरीन हिल्टुनेननं चष्मा पुसला
आणि आकडा वाचला.
एका विजेच्या बसचा.
कुणीतरी शीळ घातली.
मी लिहिलं: चर्चा झाली.

एवढ्यात डिझेलच्या तिघी येतील, एल्डन म्हणाला.
येतील, लॉरीन म्हणाली, आणि रोज प्यायला मागतील.
मिशिगनच्या या टोकाला तिनं हिशेब मांडला होता
पिवळ्या कागदावर, पेन्सिलीनं:
अनुदानाची सोडत, चिठ्ठी निघाली तर निघाली;
वीज संस्थेची सवलत;
उरलेलं बारा वर्षांत,
न जळलेल्या तेलाच्या पैशांतून.
न जळलेलं तेल!
एल्डन हसला, पण कागद त्यानं जवळ ओढला.

थंडीत चालेल का, हे रेइनो कांगासला विचारलं.
रेइनो आमचा मेकॅनिक. शब्द मोजून वापरतो,
नटबोल्टसारखे, एकही उरू नये असे.
नव्वद मैलांवरच्या शाळेत जाऊन
तो त्यांच्या बसमध्ये दिवसभर बसून आला होता.
जाते, म्हणाला. परत येते.
हीटर लावून. शेवटच्या टेकडीवर एकोणीस टक्के उरतात.

घोडं पेंड खात होतं ते खांबावर.
नवा ट्रान्सफॉर्मर लागणार, त्याला अकरा महिने.
बस आधी आली तर?
तर उभी राहील, आणि आपण तिच्याकडे बघत बसू.
म्हणून आधी खांब, मग चार्जर, मग बस.
हे मी ठळक लिहिलं.

मग पान चौदा.
प्रत्येक नव्या बसमागे एक जुनी मोडीत.
विकायची नाही, कुणाला द्यायची नाही,
इंजिनाला तीन इंची भोक पाडायचं
आणि फोटो जोडायचा.
रेइनो छताकडे बघत राहिला.
नऊ नंबर. पहाटे चारला उठून
घोंगडी पांघरून, हीटर लावून
एकोणीस हिवाळे त्यानं जागी केलेली.
पाचही जण पुस्तकांच्या कपाटाकडे बघू लागले,
जणू आजच वाचायला शिकायचं होतं.

हात वर झाले. चार विरुद्ध एक.

चिठ्ठी जूनमध्ये निघाली. खांब पुढच्या मेमध्ये.
भोक पाडायच्या दिवशी फोटो काढायला मीच गेले.
ड्रिल तिथं बराच वेळ ओरडत होतं.
थांबलं तेव्हा रेइनोनं हातमोजा काढला,
वाकून भोकातून पाहिलं
आणि म्हणाला, पलीकडचं गवत दिसतंय.
फोटोत त्याचा अंगठा आला आहे.
परत काढू का विचारलं नाही.

आता वर्ला पेल्कोनेन ती नवी चालवते.
इतकी गुपचूप येते की
खाडीच्या फाट्यावरचा कुत्रा भुंकायचं विसरतो
आणि मग उशिरा, बस गेल्यावर, चिडून भुंकतो.
मागच्या आठवड्यात ती माझ्या टेबलापाशी आली.
एकोणीस वर्षं आरशात मुलांचे नुसते ओठ दिसायचे, म्हणाली.
आता ऐकू येतं.
काल तिसऱ्या रांगेतली ओब्री तिच्या भावाला सांगत होती,
आई परत येणार नाहीये, बाबांना विचारू नकोस.
वर्लानं रेडिओ लावला, अगदी हळू.
मग बंद केला.

हे कुठं लिहायचं असतं, तिनं मला विचारलं.
माझ्या हातात पेन होतं.