लांबचा हात

दार उघडायला वेळ तो केवढा लागतो?
चुटकीएवढाही नाही.
त्या शनिवारी स्नेकच्या कालव्याकाठी
गाडी लावली, रेडिओ बंद केला
आणि जवळच्या हाताने, डाव्या,
चाळीस वर्षं उघडत आलो तसं
उघडलं.

आधी आवाज आला. मग नाशपाती.
विटांच्या रस्त्यावरून एकेक करत
पाण्याकडे गडगडत निघालेल्या नाशपाती.
आणि मग ती, हिल्त्ये बाउमा,
शाळेत बासरी शिकवणारी,
गळ्याखालचं हाड मोडलेलं.
"दिसलाच नाहीत हो तुम्ही," मी म्हणालो.
खोटं नव्हतं ते.
ती आभाळाकडे बघत पडल्यापडल्या म्हणाली,
"बघितलंत का?"

इस्पितळात फुलं घेऊन गेलो.
तिने ती उशाशी ठेवली
आणि माझा उजवा हात मागितला.
"हा. लांबचा. दार ह्याने उघडायचं.
छातीवरून आडवा न्या. न्या तर खरं.
वळला ना खांदा?
खांदा वळला की मान वळते,
मान वळली की डोळ्यांना दुसरा इलाज नसतो."
तिथे गाडीचं दार कुठलं?
तिच्या खाटेचा कठडा धरून
मी पाच-सहा वेळा उघडला, पाच-सहा वेळा मागे पाहिलं.
शेजारच्या खाटेवरच्या आजींना
हसता हसता खोकला लागला.

तेव्हापासून फ्रिजसुद्धा लांबच्या हाताने.
बायको म्हणते, वेड लागलंय ह्यांना.
पण परवा कपाट उघडताना वळलो
तर ती मागेच उभी, हातात चहाचा ट्रे,
माझं कोपर चुकवायला आधीच जरा वाकलेली.
सवयीने वाकलेली.
म्हणजे एवढी वर्षं
माणसं माझ्या पाठीमागून अशीच जात होती,
आपापली अंगं चोरून,
आणि मी समजत होतो
मला गाडी चांगली चालवता येते.

आता गाडी विकली. गुडघ्यांना सायकलच मानवते.
उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना
प्रत्येक काचेत डोकं शोधतो.
डोकं दिसलं की एका दाराएवढं अंतर,
नाही दिसलं तरी तेवढंच.
पुढे बांधावरची वाट चालणाऱ्यांचीही आहे.
तिथे ऊने येतो, वॉकर ढकलत, मध्यातून.
घंटा वाजवली तर दचकतो,
नाही वाजवली तर भांडतो.
म्हणून लांबूनच एकदा, हलकेच वाजवायची,
आणि मग त्याच्या मागे
त्याच्याच चालीने चालायचं, तो कडेला होईपर्यंत.
त्या वीस पावलांपुरता
मी ब्याण्णव वर्षांचा असतो.

आज सकाळी पूल उचलायची घंटा झाली.
फाटक पडायच्या आत सगळ्यांनाच निसटायचं होतं,
मलाही. दोन पायडल जोरात मारली.
पुलाअलीकडे पार्सलवाली व्हॅन उभी,
काचेत डोकं होतं,
मी पाहिलं होतं, आणि तरीही.

दार उघडलं.
ब्रेक किंचाळले. माझ्या बोटांपासून
वीतभर अलीकडे पत्रा थांबला.
पोरगा विशीचा, ओठ पांढरे.
"दिसला नाहीत आजोबा, शप्पथ."

तोंडात शिव्या तयार होत्या,
चांगल्या, जुन्या, बंदरावरच्या.
मग माझ्याच पायांकडे बघितलं,
अजून घाईत असलेल्या.
"उजवा हात दे," म्हणालो.
त्याला वाटलं मिळवायचाय. पुढे केला.
गार होता, घामेजलेला.

फाटक पडलं. पूल वर गेला.
एक शिडाची होडी निघाली पलीकडे,
काही घाई नसल्यासारखी.
ट्रक थांबला, बाबागाडी थांबली.
वेळ होता.
"बस परत आत," मी म्हणालो, "आणि दार लाव."