रकाना नववा

पावसाळी बंदीत दरवर्षीसारखी बंद झालेली
साखरीनाट्याची बर्फ फॅक्टरी
नारळी पौर्णिमेला उघडलीच नाही.
मालकाने कॉम्प्रेसर भंगारात काढला,
आणि माझी एकोणीस वर्षं
एका पाकिटात घालून माझ्या हातात दिली.
पाकीट कोरडं होतं.
तिथून मिळालेला पहिलाच कोरडा कागद.

राजापूरच्या कोल्ड स्टोरेजचा फॉर्म आणला.
आठ रकाने भराभर भरले.
सुगंधा यशवंत आडिवरेकर, वय त्रेचाळीस,
बारावी, एकदा नापास.
नववा रकाना : तुमची बलस्थाने.
खाली सहा रेघा.

'प्रामाणिक' लिहिलं, खोडलं.
प्रामाणिक तर काटाही असतो,
त्याला कोण पगार देतं?
'मेहनती' लिहिलं. तेही खोडलं.
आमच्या गावात मेहनती नसलेला
जेटीवरचा एक बोका तेवढा आहे.
भाची म्हणाली, मावशे, टीमवर्क लिही,
सगळे तेच लिहितात.
मी पेनाला टोपण लावलं.

रात्री अकराला फोन. इब्राहिम सोलकर,
भर दर्यातून, रेंज तुटत तुटत :
"सुगंधा, पहाटे वीस लाद्या लागतील. कुठं गावतील?"
फॅक्टरी बंद आहे हे त्याला ठाऊक होतं.
मलाही. तरी तोंडातून गेलंच :
मासळी कसली?
बांगडा.
किती?
दोन टन.
मग वीस कशा पुरतील? चाळीस सांग.
वारा पडलाय, वाटेतच पाच-सहांचं पाणी होईल.
आणि शिमग्यापासूनची उधारी?
पलीकडे नुसता इंजिनाचा आवाज.
निम्मी आज ड्रायव्हरच्या हातात ठेव,
उरलेल्याचं मी आज विचारत नाही.
बरं, म्हणाला.

विजयदुर्गला रात्रपाळीला परब होता.
परबला 'जरा बघा' म्हटलं की तो बघत नाही,
आकडा सांगावा लागतो.
आकडा सांगितला.

मग दिवा लावून बसले
आणि नवव्या रकान्यात लिहित गेले :
लादी घसरगुंडीवरून जेटीपर्यंत किती उरते ते कळतं.
'नाही' असं म्हणते, की माणूस उद्या परत येतो.
इंजिनाच्या आवाजावरून होडी ओळखते
(राजापुरात याचा काय उपयोग?
खोडणार होते. ठेवलं.)
सहा रेघा संपल्या,
अक्षरं समासातून चढत
फोटोच्या चौकटीपर्यंत गेली.

पहाटे गाडी आली. अडतीस.
पुन्हा मोजल्या. अडतीसच.
परबला उठवलं. दोन मागच्या खेपेला, म्हणाला.
लिहून ठेवते, म्हटलं.
जवळ कागद तोच होता,
त्याच्या पाठीवर मांडलं : परब, दोन येणे.
इब्राहिमने शंभराची नोट पुढे केली.
मी हात मागे घेतला. तीनशे, म्हटलं, गाडीमागे.
तो हसला. दिले.

त्याखाली आणखी नावं लिहिली,
मुजावरांची 'नूर', भिकाजी तांडेल, वाडीतले तिघे,
ज्यांना या आठवड्यात बर्फ लागेल.
कागद उलटा केला.
दहावा रकाना : अपेक्षित पगार.

फॉर्म द्यायची तारीख शुक्रवार.
बघू.